शर्यतीचे दात

मॅडम आधी तळहात ठेवायच्या. मिक्सर असो, पाण्याचा पंप असो, नाहीतर कुणाची बंद पडलेली स्कूटर, उजवा तळहात तिच्या अंगावर टेकवायचा, मान थोडी कलती करायची, डोळे अर्धे मिटायचे आणि भोवतालच्या लोकांना डाव्या हाताच्या बोटाने गप्प करायचं. मग म्हणायच्या, "आधी आवाज ऐका. पाना नंतर."

लिफ्टमध्येसुद्धा त्यांचा हात भिंतीवर असायचा. एकदा तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना वाटलं, यांना चक्कर येतेय. त्यांनी मॅडमना हाताला धरून घरी नेलं आणि लिंबू सरबत पाजलं. मॅडम ते शांतपणे प्यायल्या, त्यांनी ग्लास खाली ठेवला आणि म्हणाल्या, "सरबत लई छान झालं. पण लिफ्टचा वरचा रोलर गेलाय, तेवढं सांगा लिफ्टवाल्यांना."

मी तेव्हा आमच्या नेरूळच्या सोसायटीचा सेक्रेटरी होतो. हे पद कुणालाच नको असतं, म्हणूनच ते माझ्याकडे आलं होतं. मॅडमची आणि माझी ओळख तक्रारीतून झाली. एका रविवारी सकाळी फोन आला, "अहो, पार्किंगमध्ये गाडीखाली बाई आहे." मी चहा तसाच सोडून खाली धावलो. पाहतो तर एका जुन्या गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले, पायांत निळ्या स्लिपर. मी वाकून काही विचारणार तोच खालून आवाज आला, "कोण, सेक्रेटरी का? बरं झालं आलात. तो पाना द्या जरा. हा नव्हं हो, त्याच्या शेजारचा."

मी शेजारचा पाना दिला. तक्रारीचा निकाल तिथेच लागला.

मॅडम मूळच्या जालन्याकडच्या. वडील भाड्याची जीप चालवायचे. पोरगी लहानपणापासून त्यांच्या शेजारी बसून घाट चढलेली. पुढे ती मोटार मेकॅनिकचं शिकली, सगळ्या वर्गात एकटी मुलगी, आणि मग एका प्रशिक्षण संस्थेत तेच शिकवायला लागली. निवृत्त होईपर्यंत पोरांच्या किती तुकड्या त्यांच्या हाताखालून गेल्या याची गणती नाही. नवी मुंबईत कुठेही गाडी बंद पडली की मॅडमचा एखादा विद्यार्थी हात पुसत पुढे यायचाच. सोसायटीत आम्ही सगळे त्यांना नुसतं मॅडमच म्हणायचो. त्यांचं नाव मला मेन्टेनन्सच्या पावतीवरून माहीत होतं, पण ते उच्चारायची वेळ कधी आली नाही.

त्यांची गाडी म्हणजे एके काळी मुंबईत काळ्या-पिवळ्या टॅक्सी ज्या जातीच्या असायच्या, त्या जातीची. रंग दुधी. डॅशबोर्डवर बोटभर उंचीची बुद्धमूर्ती. आताच्या बहुतेक गाड्या पुढच्या चाकांनी ओढल्या जातात. ही मागच्या चाकांनी ढकलली जायची. "पुढून ओढणारी गाडी म्हणजे नेता," मॅडम म्हणायच्या, "मागून ढकलणारी म्हणजे आई."

आता त्यांच्या मिस्टरांबद्दल सांगायला हवं, कारण त्यांच्याशिवाय मॅडम सांगताच येणार नाहीत.

मिस्टर एका सहकारी बँकेतून निवृत्त झालेले. अंगाने बारीक, शर्ट कायम इन केलेला. घरात ते बोलत नसत. घर तसं लहान, त्यात मुलगा, सून, दोन नातवंडं, टीव्ही, कुकर, सुनेच्या ऑफिसच्या मीटिंगा. त्या गदारोळात ते खिडकीशी खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचत बसायचे. मी कधी गेलो तर मान हलवून "या" म्हणायचे, तेवढंच. कितीतरी दिवस मला वाटायचं, हा माणूस अबोलच आहे.

मग एका रविवारी मला उरणला एका नातेवाइकाकडे जायचं होतं आणि मॅडम म्हणाल्या, "आम्ही जातोच आहोत तिकडं फिरायला. चला." मी मागच्या सीटवर बसलो. पाम बीच रोडला लागेपर्यंत मिस्टर गप्प होते. सिग्नल सुटला, गाडी एका लयीत धावायला लागली आणि त्यांनी जे तोंड उघडलं ते उरण येईपर्यंत मिटलं नाही. खाडीला आज ओहोटी आहे. तो टॉवर गेल्या वर्षी नव्हता. बँकेतला तो शिपाई आठवतो का तुला, चहात बिस्कीट बुडवायचा आणि नेमकं ते कपातच पडायचं? काल स्वप्नात तुझी आई आली होती, मला म्हणाली जावईबापू, पोरीला गाडी हळू चालवायला सांगा. बोलणं हळू आवाजातलं, सावकाश, वळणावळणाचं. मॅडम रस्त्यावरची नजर न काढता मधूनच म्हणायच्या, "मग?" नेमक्या जागी. त्या एका शब्दावर हा माणूस आठवडाभर तग धरत असावा.

मी मागे बसून ऐकत होतो आणि कुणाच्या तरी घरात न विचारता शिरल्यासारखं मला वाटत होतं.

मॅडमची एकच हौस होती. जुन्या गाड्यांच्या शौकिनांची दरवर्षी घाटात चढाईची शर्यत व्हायची, रस्ता बंद करून, एकेक गाडी सोडून. मॅडम दरवर्षी जायच्या आणि दरवर्षी मागे राहायच्या. चालवण्यात कसर नव्हती. गाडीच चढावर दमायची. "वळण मी बरोबर घेते हो," त्या एकदा मला म्हणाल्या, "पण वळणातून बाहेर पडल्यावर ही उसासे टाकायला लागते. एकदा तरी हिला उड्या मारत वर न्यायचंय."

त्याला उपाय होता आणि तो त्यांना माहीत होता. मागच्या दोन चाकांच्या मधोमध जो लोखंडी गोळा असतो, तो डिफरन्शिअल. इंजिनाकडून येणारा दांडा तिथे एका छोट्या दातेरी चाकाने एका मोठ्या दातेरी चाकाला फिरवतो, आणि त्यावर गाडीची मागची चाकं फिरतात. या जोडीचं प्रमाण बदललं की गाडीचा स्वभाव बदलतो. मला समजावताना मॅडमनी पार्किंगमध्ये चालूनच दाखवलं. "ही लांब पावलं. सपाटीला झ्याक, चढाला दम लागतो. आता ही बारीक पावलं बघा. चढाला एकदम जोर. पण सपाटीवर धावायचं म्हटलं तर पावलंच पावलं टाकावी लागतात, इंजिन बोंबलत राहतं." एवढं बोलून त्या खांबापर्यंत तुरुतुरु चालत गेल्या. वॉचमन बघत उभा राहिला.

त्याच जातीच्या एका जुन्या मालवाहू व्हॅनचा गोळा त्यांना हवा होता. ओझं वाहायची गाडी, म्हणून तिची पावलं बारीक. तो त्यांना तळोज्याला एका भंगारवाल्याकडे मिळाला, गंजलेल्या पत्र्यांच्या ढिगाखाली. त्या दिवशी परत आल्या तेव्हा नवी साडी घेतलेल्या बाईच्या चेहऱ्यावर असतो तसा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर होता.

बदलायचं काम आमच्या पार्किंगमध्येच झालं. मी परवानगी दिली आणि स्वतःच स्टूल टाकून बसलो. मिस्टर हातात दिवा धरून उभे.

"अहो, लाइट जरा खाली."

"किती खाली?"

"माझ्या नाकावर नको. दातांवर पाडा."

दात एकमेकांत नीट बसतात की नाही हे बघायला मॅडमनी तेलात शेंदूर कालवला आणि मोठ्या चाकाच्या दातांना फासला. चाक फिरवलं की जिथे दात टेकतात तिथला शेंदूर पुसला जातो आणि ठसा दिसतो. वॉचमनने लांबून तो शेंदूर फासलेला गोळा पाहिला आणि चप्पल काढून हात जोडले. मॅडम हसून हसून खाली बसल्या. "अरे देव नाही तो! दात आहेत, दात!" मिस्टर म्हणाले, "राहू दे, नमस्कार वाया जात नाही."

जुना गोळा ग्रीस लावून, गोणपाटात गुंडाळून जिन्याखाली ठेवला.

गाडी बदलली. सिग्नलला हिरवा लागला की ती उडीच मारायची. पण सपाट रस्त्यावर तोच वेग गाठायला इंजिन पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त फिरायचं, आणि त्याच्या जोडीला मागून दातांची एक बारीक शिट्टी यायची. ठसा कुठेतरी केसभर सरकलेला होता. मेकॅनिक लोक म्हणतात, दात रडतात. वेगाचा काटाही आता खऱ्यापेक्षा चढाच बोलायचा. मिस्टर म्हणाले, "तुझी गाडी फुशारक्या मारायला लागली."

शर्यतीला मी गेलो होतो. शेवटच्या वळणावर मिस्टर आणि मी कठड्याला टेकून उभे होतो. खालून गाड्यांचे आवाज येत होते. एकदम मिस्टरांनी माझं मनगट धरलं. "आली. हीच." आणि दुधी गाडी वळणातून बाहेर पडली ती खरोखरच उड्या मारत. मिस्टर असे ओरडले, असे ओरडले, की मी गाडी सोडून त्यांच्याकडेच बघत राहिलो. हा माणूस एवढा आवाज काढू शकतो हे मला माहीत नव्हतं. मॅडमचा त्यांच्या गटात दुसरा नंबर आला. बक्षीस घेताना त्या एखाद्या शाळकरी मुलीसारख्या लाजल्या.

परतताना मिस्टरांचा घसा पार बसला होता. आम्ही सगळे त्यावर हसलो. पुढचे कित्येक दिवस त्यांचा आवाज घोगराच राहिला आणि आम्ही हसतच राहिलो. "शर्यतीत ओरडलात ना, भोगा आता," मीसुद्धा म्हणालो होतो.

जुना गोळा परत बसवायचा असं ठरलं होतं. पण मॅडमनी तो बसवला नाही. पुढच्या वर्षी पुन्हा काढावा लागेल, असं त्या म्हणायच्या. खरं म्हणजे त्यांना ती उडी आवडली होती. आयुष्यभर मागे राहिलेल्या माणसाला पुढे निघायची गोडी लागली, तर त्यात आपण काय बोलणार?

रविवारचं फिरणं चालूच होतं. एकदा मी सहज विचारलं, "काय म्हणतात मिस्टर? गप्पा चालू का?"

मॅडम म्हणाल्या, "आमचे हे आता शांत झालेत. वय झालं."

हे बोलताना त्यांच्या आवाजात किंचित सुटका होती, असं मला तेव्हा वाटलं होतं. नंतर त्यांनीच ते कबूल केलं.

पावसाळा संपता संपता मिस्टरांना जेवण गिळता येईना. मुलाने त्यांना वाशीला एका डॉक्टरकडे नेलं. मॅडम सोबत होत्या. तपासण्या झाल्या. घशात गाठ होती, स्वरयंत्राला लागलेली. हे सगळं मला मॅडमनी पार्किंगमध्ये सांगितलं, उपड्या बादलीवर बसून. गाडीकडे त्यांची पाठ होती.

"डॉक्टरांनी विचारलं, त्रास कधीपासून? मी म्हटलं, पंधराएक दिवस झाले असतील. तर हे म्हणाले, नाही, उन्हाळ्यापासून. थुंकीतून रक्त पडत होतं. मी यांच्याकडं बघितलं. म्हटलं, मला का नाही सांगितलं? तर म्हणाले, सांगितलं होतं की. गाडीत. उरणला जाताना. तू म्हणालीस, हो, बघू या."

मी स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसलो.

"मी म्हणाले असेन हो. मी नेहमीच म्हणायची. मागून शिट्टी वाजत असायची ना, माझं सगळं लक्ष तिच्यात. ती शिट्टी मला अजून आठवते. साठच्या पुढं काटा गेला की सुरू व्हायची, पाय काढला की सूर बदलायचा. मी मनात म्हणत होते, आतलं बेअरिंग बघायला पाहिजे. ते सगळं आठवतं. हे काय बोलले त्यातलं एक अक्षर आठवत नाही." त्यांनी तळहात गुडघ्यावर आपटला. "जन्मभर पोरांना काय शिकवलं मी? सांगा ना, काय शिकवलं?"

मी मला सुचलं ते बोललो. गाठ काही गाडीमुळे झाली नाही, तंबाखू त्यांनी वर्षानुवर्षं खाल्लेली, सोडली तेव्हा उशीर झाला होता, वगैरे. मॅडमनी ऐकून घेतलं.

"गाठ माझी नाही," त्या म्हणाल्या. "पण उन्हाळ्यात आला असतात तर आवाज वाचवायचा प्रयत्न करता आला असता, असं डॉक्टर बोलले. तेवढा उशीर माझा आहे."



ऑपरेशन झालं. जीव वाचला, स्वरयंत्र काढावं लागलं. गळ्याच्या खाली श्वासासाठी भोक, त्यावर पातळ कापड. मिस्टर घरी आले आणि पुन्हा खिडकीशी बसले. पाहुण्याला बघून मान हलवायचे, पण आता त्यामागून "या" येत नसे. बोलायचं असेल तर मोबाइलवर एका बोटाने टाइप करून दाखवायचे.

त्याच महिन्यात एका दुपारी मॅडमनी शर्यतीचा गोळा काढून टाकला आणि जुना परत बसवला. या वेळी दिवा धरायला कुणी नव्हतं. मी म्हटलं, मी धरतो. म्हणाल्या, "नको." दोन विटांवर दिवा ठेवून त्यांनी एकटीने काम उरकलं. गाडी पहिल्यासारखी झाली, लोण्यासारखी. त्यात बोलणारं मात्र कुणी राहिलं नव्हतं.

रविवार आला की त्या मला म्हणायच्या, "चला ना सेक्रेटरी. तिघं असलं की बरं." मी एक-दोनदा टाळलं, मग गेलो. पाम बीच रोड आला आणि गेला. आत एवढी शांतता की मिस्टरांच्या गळ्यातून येणारा श्वाससुद्धा ऐकू येत होता. मॅडम रस्त्याकडे बघत होत्या, पण त्यांचा कान डावीकडे होता, ताणलेला. ते मला मागूनसुद्धा दिसत होतं.

मिस्टरांनी मोबाइल काढला, काहीतरी टाइप केलं आणि हात मागे करून मोबाइल माझ्याकडे दिला. मॅडम चालवत होत्या, त्यांना वाचता येणार नव्हतं. मी मोठ्याने वाचलं, "हिला सांगा, गाडी फार शांत झालीय."

मॅडम म्हणाल्या, "मग बरंच की."

मोबाइल पुढे गेला, परत मागे आला. "बरं नाही. शर्यतीचे दात परत बसव."

"का?"

या वेळी त्यांना वेळ लागला. उलव्याच्या इमारती मागे पडल्या. मोबाइल हातात आला तेव्हा मी आधी मनात वाचायला हवं होतं, पण सवयीने थेट मोठ्याने वाचत सुटलो, सोसायटीची नोटीस वाचतो तसा. "त्या आवाजात आपण दोघं गप्प असायचो. आता मी एकटाच गप्प असतो. दुसरं म्हणजे, त्या दिवशी तू ऐकलं नव्हतंस..."

मी थांबलो. मिस्टरांनी मागे वळून माझ्या गुडघ्यावर बोटाने दोनदा टकटक केलं. वाचा.

"...तू ऐकलं नव्हतंस हे मला तेव्हाच कळलं होतं. मी पुन्हा सांगितलं नाही. डॉक्टर काय सांगतील याची भीती होती. तू ऐकलं नाहीस, ते मला सोयीचंच झालं."

मॅडमनी गाडी कडेला घेतली. हँडब्रेक ओढला. मग मिस्टरांकडे वळून म्हणाल्या, "खोटं. मला बरं वाटावं म्हणून लिहिलंय तुमी हे."

मिस्टरांनी मान हलवली. नाही.

"डॉक्टरसमोर तर म्हणाला होतात, हिला सांगितलं होतं. तेव्हा का नाही म्हणालात हे?"

मिस्टरांनी तळहात उघडा केला आणि खिडकीबाहेर बघत राहिले. मॅडम दार उघडून उतरल्या. कडेला खारफुटी होती, त्यात एक बगळा उभा होता. त्या तिथे पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. मी मागच्या सीटवर मोबाइल हातात धरून बसलो होतो. तो कुणाला परत द्यावा हे मला कळत नव्हतं. इतक्या वर्षांच्या नवरा-बायकोमधलं हे बोलणं, आणि ते तिच्या कानावर गेलं कुणाच्या आवाजात, तर माझ्या. त्यानंतर कितीतरी दिवस जिन्यात भेट झाली की मॅडम माझ्याकडे न बघता बोलायच्या, आणि मलाही ते बरंच वाटायचं.

त्या परत आल्या, बसल्या, आणि मिस्टरांना म्हणाल्या, "पाणी घेणार?" मिस्टरांनी मान डोलावली. आम्ही उरणला न जाता मागे फिरलो.

शर्यतीचे दात मॅडमनी परत बसवले. "त्यांनी मागितलंय," एवढंच म्हणाल्या. पण या वेळी त्यांनी शेंदूर पुन्हा पुन्हा लावून, पातळ पत्र्याच्या चकत्या घालून, काढून, पुन्हा घालून ठसा दाताच्या अगदी मधोमध आणला. मिस्टर दिवा धरून उभे होते. काम झाल्यावर मॅडमनी मला बोलावून एक फेरी मारली. इंजिनाचा गडगडाट होता, शिट्टी मात्र गेली होती. "हे तेव्हाच करायला पाहिजे होतं," त्या म्हणाल्या. "तेव्हा मी म्हटलं, चालतंय. शर्यतीपुरतं चालतंय."

मी म्हटलं, "मॅडम, त्यांनी लिहिलंय ना स्वतः. आता तरी सोडा."

"तेच तर." त्या बॉनेट पुसत होत्या. "खरं असेल तर यांच्या भीतीत मी यांना एकटं सोडलं. आणि खोटं असेल तर, एवढं भोगून वर मलाच सांभाळायला लागतंय यांना. दोन्हीकडून मीच की हो."



पुढे शर्यतीचं आमंत्रण आलं तेव्हा त्या गेल्या नाहीत. आमच्याकडे आजूबाजूला एवढी बांधकामं, सगळीकडे धूळ, आणि गळ्याच्या भोकातून श्वास घेणाऱ्याला धूळ म्हणजे छळ. मॅडमच्या भावाचं जालन्याजवळ शेतातलं घर होतं. दोघांनी तिकडे जायचं ठरवलं. मुलगा म्हणाला, गाडी करून देतो, आरामात जा. मॅडम म्हणाल्या, "आपली गाडी आहे की. बारीक पावलांनी जाऊ, दोन दिवस लागू देत."

निघाले त्या सकाळी मी खाली गेलो. सून डबे देत होती, नातवंडं डिकीत बसायचा हट्ट करत होती. मॅडम टपावर वळकट्या बांधत होत्या, दोरीची गाठ दातांत धरून. मिस्टर बाजूला माझ्याजवळ उभे होते. मला विचारायचं नव्हतं. पण मग पुन्हा कधी भेट होणार होती? मी हळूच म्हणालो, "एक विचारू? त्या दिवशी गाडीत तुम्ही जे लिहिलं होतं, ते खरं होतं का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग मोबाइल काढला आणि एका बोटाने टाइप करू लागले. बराच वेळ टाइप करत होते. मी मुद्दामच मान वळवली. लिहून झाल्यावर त्यांनी वर पाहिलं. मॅडम टाचा उंचावून शेवटची गाठ आवळत होत्या, ओढणी कमरेला खोचलेली, कपाळावर घाम. मिस्टर त्यांच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी तेच बोट स्क्रीनवर धरून ठेवलं, अक्षरं एकेक करून मागे मागे पुसली जाईपर्यंत. मोबाइल खिशात टाकला, माझा खांदा थोपटला आणि गाडीत जाऊन बसले.

मॅडम स्टिअरिंगवर बसल्या. चावी फिरवायच्या आधी डावीकडे वाकून त्यांनी मिस्टरांच्या गळ्यावरचं कापड सारखं केलं, एक टोक जरा सैल केलं, आणि त्यांच्याकडची काच वर चढवली.